वाचक विचारतात : बाजारातला मध घ्यावा तरी कसा?

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या रानमेव्याबद्दल लिहिताना, वाई-मेढ्याकडच्या बाजारात डोंगरातला मधही मिळतो, तो जरूर घ्या, असं मी जाता जाता लिहिलं होतं. करवंदं आणि आळवं बाजूला राहिली आणि पत्रं आली ती सगळी मधाबद्दल. माझं माहेर जावळी खोऱ्यातलं. घरामागे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाश्यांच्या पेट्या असायच्या, आता भाऊ त्या सांभाळतो. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे घेते.

मे महिन्यात महाबळेश्वरहून परतताना वाईला एका मावशींकडून मध घेतला. बाटलीला लेबल नाही, रंग काळपट, चव किंचित कडवट. शेजारच्या काकांनी तो आधी पाण्यात टाकून पाहिला, मग काडेपेटीची काडी त्यात बुडवून ओढली. काडी पेटली नाही. "फसलात तुम्ही," म्हणाले. आता घरात कुणी त्या बाटलीला हात लावत नाही. मध खरंच नकली असेल का?
— एक वाचक भगिनी, पुणे

ताई, बाटली टाकून देऊ नका. काकांनी केलेल्या दोन्ही परीक्षांतून तुमच्या मधाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

काडी पेटते की नाही हे फक्त ओलाव्यावर ठरतं. आपल्या डोंगरातली सातेरी माशी जो मध साठवते, तो मुळातच थोडा पातळ असतो. त्यात सह्याद्रीची दमट हवा. मधातलं पाणी वीस टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं वर गेलं, की काडीचं गूल ओलं होतं आणि ती पेटत नाही. उलट साखरेचा पाक चांगला आटवून घट्ट केला तर त्यात बुडवलेली काडी पेटू शकते. पाण्याच्या परीक्षेचंही तेच. मध पाण्याच्या जवळपास दीडपट जड, म्हणून तळाशी जातो. घट्ट पाकही जड, तोही तळाशीच जातो. मग कळलं काय? कागदावर थेंब टाकून तो पाझरतो का पाहणं हीसुद्धा ओलाव्याचीच परीक्षा. कुत्रा खरा मध खात नाही आणि खऱ्या मधाला मुंग्या लागत नाहीत, हे तर कृपा करून कुणी कुणाला सांगू नका. आमच्या माहेरी मधाच्या बरण्या पाण्याच्या परातीत ठेवलेल्या असायच्या, त्या मुंग्यांसाठीच.

आता रंग आणि चव. तुम्ही मे महिन्यात घेतलात, म्हणजे तो बहुधा त्याच उन्हाळ्यात काढलेला. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतं, त्याच्या मागेपुढे हिरडा आणि गेळा ही रानझाडं. जांभळाच्या मधाला गडद रंग आणि जिभेच्या मागे रेंगाळणारा किंचित कडवटपणा असतो. ज्यांना दुकानातल्या सोनेरी, एकसारख्या मधाची सवय आहे त्यांना हा मध 'बिघडलेला' वाटतो. मला विचाराल तर त्या कडवटपणासाठीच मी तो घेते.

कारवीच्या मधाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं, पावसाच्या शेवटी डोंगरच्या डोंगर जांभळे होतात आणि त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास कारवीचा दाट, गडद मध निघतो. आपल्या देशाच्या अन्नमानकांत मधातलं सुक्रोज, म्हणजे आपली साधी साखर, पाच टक्क्यांच्या आत असावी असा नियम आहे. पण कारवीच्या मधाला तिथे नाव घेऊन दहा टक्क्यांपर्यंत सूट दिली आहे, कारण त्या फुलाचा मध निसर्गतःच तसा असतो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसालासुद्धा आधी विचारावं लागतं की हा मध कोणत्या फुलाचा? मग स्वयंपाकघरातल्या काडीपेटीवर आपण किती भिस्त ठेवायची?

भेसळ होतच नाही असं माझं म्हणणं नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेरा ब्रँडचा मध तपासला. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक मोठे ब्रँड व्यवस्थित पास झाले. मग तेच नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाच्या बारीक चाचणीसाठी पाठवले. सगळ्या चाचण्यांत शेवटपर्यंत उतरले फक्त तीन ब्रँड. चाचणीला चकवेल असाच पाक मुद्दाम बनवला जातो, हे तेव्हा पुढे आलं. लेबल, सील, चकचकीत बरणी यांनी शुद्धतेची हमी मिळते हा समज तिथे गळून पडला.

म्हणून मी बाजारात मधाची परीक्षा घेत बसत नाही, विकणाऱ्याशी बोलते. कधी काढला? कोणत्या फुलाचा? पेटीतला की रानातल्या पोळ्याचा? आणि यंत्रातून काढला की पिळून? चार प्रश्न, पण खऱ्या मधपाळाला ते विचारले की तो खुलतो. मेढ्याला एका मावशींना मी विचारलं, यंदा बाटल्या कमी का दिसतात? त्या म्हणाल्या, "गेळा फुलला आणि वळवानं झोडपला. माशीला काय मिळालंच नाही." हे उत्तर पाठ करून देता येत नाही. ज्याच्या दारात पेट्या आहेत त्यालाच ते ठाऊक असतं. याउलट बारा महिने तोच रंग, तीच चव आणि हवा तेवढा माल देणाऱ्याकडून मी घेत नाही. सातेरीची एक पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते, तोही वर्षातून एकदोन हंगामांतच. हवा तेवढा येणार कुठून?

पिळून की यंत्रातून, हा प्रश्न का, तेही सांगते. पेटीत खालच्या मजल्यावर राणी आणि पिल्लं असतात, वरच्या मजल्यावर मध. भाऊ वरची चौकट उचलतो, हलकेच झटकून माश्या खाली पाडतो आणि आधी उजेडात धरून बघतो. माश्यांना मध पिकलासा वाटला की त्या एकेक कप्पा मेणाच्या पांढुरक्या पापुद्र्याने बंद करतात. चौकटीचा बराचसा भाग असा बंद झाला असेल तरच ती काढायची, नाही तर परत ठेवायची. मग गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने तो पापुद्रा वरच्या वर सोलायचा. सोलताना सुरीखाली मेणाची वळी होत जाते आणि घरभर वास सुटतो. आम्ही मुलं ती वळी चघळायला टपून बसलेले असायचो. चौकटी यंत्रात उभ्या लावून हँडल फिरवलं की मध बाहेर फेकला जातो आणि पोळं अखंड राहतं. ते पुन्हा पेटीत ठेवलं की माश्यांचे मेण बांधायचे कष्ट वाचतात. पिळलेल्या मधात मात्र पिल्लं, पराग, मेलेल्या माश्या सगळंच चेंगरलं जातं. तो मध गढूळ दिसतो, लवकर फेसाळतो, आंबतो. झाकण उघडताना 'फस्स' आवाज आला आणि आंबूस वास आला, तर तो मध भेसळीचा नसेलही, पण घेऊ नका.

तुमच्या बाटलीला असा वास नसेल तर खुशाल खा. नाचणीच्या भाकरीवर लोण्यासोबत खाऊन बघा, घरचेही हात लावतील.

आमच्या सोसायटीच्या गेटवर दोघे जण बादलीत आख्खं पोळं घेऊन येतात. त्यावर माश्या बसलेल्या असतात. डोळ्यांसमोर पिळून देतात. हा तरी खरा असणार ना?
— एक वाचक, ठाणे

डोळ्यांसमोर काय पिळलं जातंय त्यापेक्षा बादलीच्या तळाशी काय आहे ते बघा. बहुतेक वेळा तिथे गुळाचा किंवा साखरेचा पाक असतो आणि वर जुनं, रिकामं पोळं तरंगत असतं. पोळं पाकात बुडवून काढलं की त्यातून ठिबकणारच. माश्यांचं म्हणाल तर गोड दिसलं की त्या बसतात, पाकावरही बसतात. एका पोळ्यातून पाच-सहा फ्लॅटना किलोकिलोने मध मिळाला, तर हिशेब तुम्हीच करा. आणि तो खरा असला तरी पिळलेला, पिल्लांसकट. मी घेणार नाही.

रानातला मध काढणारे कातकरी, ठाकर, महादेव कोळी बांधव मात्र वेगळे, त्यांना या लोकांच्या पंक्तीत बसवू नका. आग्या माशीचं पोळं उंच कड्यावर किंवा झाडावर असतं, रात्री जिवावर उदार होऊन ते काढावं लागतं. आता बऱ्याच ठिकाणी पोळं न जाळता, पिल्लांचा भाग तसाच ठेवून फक्त मधाचा गड्डा कापून घ्यायला शिकवलं जातं. माश्या तिथेच राहतात आणि पुन्हा मध भरतात. अशा पद्धतीने काढलेला आग्याचा मध मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावा.

थंडीत मध खाली बसला, साखरेसारखे दाणे झाले. दुकानदार म्हणतो साखर घातलेली असणार. टाकून देऊ का?
— एक वाचक, सोलापूर

मुळीच नको. मधात मुख्यतः दोन साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ज्या फुलाच्या मधात ग्लुकोजचा वाटा जास्त, तो मध थंडीत लवकर गोठतो. तुमच्याच भागात सूर्यफूल होतं. त्याचा मध तर हां हां म्हणता पिवळा, लोण्यासारखा घट्ट होतो. उत्तरेकडच्या मोहरीच्या मधाचंही तसंच. काही मध वर्ष-वर्ष पातळ राहतात. दोन्ही खरे.

पातळच हवा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. पाण्यात बोट सुखाने ठेवता आलं पाहिजे, इतपतच गरम. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये नको. जास्त तापवला की त्याचा वास उडतो, रंग काळवंडतो. मी स्वतः गोठलेला मध तसाच पोळीवर पसरते, ओघळत नाही त्यामुळे मुलांच्या डब्यालाही बरा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे तो आणखी गोठतो. कोरडा चमचा, घट्ट झाकण, अंधारं कपाट एवढं पुरे.

नातवाचं बारसं आहे. आमच्याकडे बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात. सूनबाई नको म्हणते. तुम्ही पेटीच्या शुद्ध मधाबद्दल इतकं चांगलं लिहिता, तिला समजावा.
— एक आजी, सांगली

आजी, मी सूनबाईच्या बाजूने आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीतून, धुळीतून मधात येऊ शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू ढिले पडत जातात. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर श्वासावर बेततो. मध शुद्ध असण्याचा याच्याशी संबंध नाही, माझ्या भावाच्या पेटीतला मधही मी तान्ह्याला देणार नाही. घरी गरम केल्याने हे बीजाणू मरत नाहीत. बाळगुटी उगाळतानाही मधाचं बोट लावू नका.

अंगठी बाळाच्या कपाळाला टेकवा, ओवाळा, रीत पुरी होईल. पहिल्या वाढदिवसाला हवा तर मध चाटवा, तेव्हा त्याला चवही कळेल.

बाजारात मावशी मध जुन्या बाटल्यांतून विकतात, क्वार्टर इतक्याला, खंबा इतक्याला. किलोचा भाव विचारला तर हसतात. दुकानाशी तुलना कशी करायची?
— एक वाचक, कोल्हापूर

सोपं आहे. मध जड, एक लिटर मधाचं वजन सुमारे एक किलो चारशे ग्रॅम भरतं. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण पाव किलो मध मावतो आणि ७५० मिलीच्या खंब्यात किलोपेक्षा थोडा जास्तच. क्वार्टरच्या भावाला चाराने गुणा, किलोचा भाव निघाला. बाटली स्वच्छ धुऊन वाळवलेली आहे ना, तेवढं उजेडात धरून बघा. मी तर घरून काचेची बरणी नेते, मावशींना बाटली परत मिळते आणि त्यांनाही ते आवडतं.

घासाघीस फार करू नका. दुकानातल्या मधापेक्षा हा महाग वाटेल, पण एका पेटीमागे वर्षभराची राखण असते. मुंग्या, मेणकिडा, पाऊस, अस्वल, सगळ्यांपासून.

गावठी मध खाल्ला की परागकणांची ॲलर्जी जाते म्हणतात. आणि मधुमेहींना चालतो का?
— एक वाचक, नाशिक

ॲलर्जीचा अनुभव मला अनेकांनी सांगितला आहे, पण तपासल्यावर तो टिकलेला नाही. अमेरिकेत कनेटिकटमध्ये काहींना स्थानिक मध, काहींना दुकानी मध आणि काहींना मधाच्या चवीचा पाक देऊन पाहिला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले, कुणातच फरक दिसला नाही. ते पटण्यासारखंही आहे. शिंका आणणारे पराग बहुतेक गवताचे, वाऱ्यावर उडणारे. मधात येतात ते माशीच्या अंगाला चिकटणारे फुलांचे जड पराग. मधुमेहींनी मधाला साखरच समजावं आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

मी भोरजवळ दहा पेट्या ठेवल्या आहेत. बाजारात बसतो. गिऱ्हाईक येतं, काडी पेटवून बघतं आणि जातं. एकाने विचारलं, "पावसात साखर खाऊ घालता ना?" मी हो म्हटलं, तर त्याने बाटली खाली ठेवली. खरं सांगून धंदा होत नाही. काय करू?
— एक तरुण मधपाळ

दादा, तुम्ही हो म्हणालात याचा मला फार आनंद झाला. तुमचं पत्र मुद्दाम इथे छापते आहे, म्हणजे गिऱ्हाइकांनाही कळेल.

आपल्या घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस पाऊस थांबत नाही, माशी पेटीबाहेर पडू शकत नाही. साठा संपला की वसाहत उपाशी मरते, नाही तर पेटी सोडून निघून जाते. सातेरी माशी तर नाराज झाली की जायला फार वेळ घेत नाही. म्हणून तेवढ्यापुरता साखरेचा पाक द्यावा लागतो. तो माश्या खातात, जगतात. फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद करायचा आणि मध काढायचा तो वरच्या मजल्यावर नव्याने भरलेला. यात भेसळ नाही. फुलोऱ्यात, मध भरण्याच्या दिवसांत पाक पाजून तोच मध म्हणून विकणं, ही भेसळ. गिऱ्हाइकाला हा फरक समजावून सांगा, दोन मिनिटं लागतील.

दुसरं, सगळा मध एका डब्यात ओतू नका. एप्रिलचा वेगळा, मेचा वेगळा, दिवाळीचा वेगळा. बाटलीवर साध्या कागदाच्या पट्टीवर गाव, महिना, मुख्य फूल, 'पेटीतला, यंत्राने काढलेला' आणि वजन ग्रॅममध्ये लिहा. अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लहान उत्पादकालाही करता येते, ती करून क्रमांक टाका. रंगाने वेगवेगळ्या तीन बाटल्या शेजारी उन्हात उभ्या केल्या की माणूस आपोआप थांबतो आणि विचारतो, हे वेगळे का? तिथून बोलणं सुरू होतं. चवीला चमचाभर द्या. आणि एखादी रिकामी चौकट पोळ्यासकट शेजारी ठेवा, लहान मुलं आईबापांना ओढत आणतील.

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथलं प्रशिक्षण घेतलं नसेल तर घ्या. आणि एकदा महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला जाऊन या. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, पुढे भुदरगडमधलं पाटगावही त्या वाटेने गेलं. तिथले मधपाळ मध विकतात कसा, पाहुण्यांना पेटी उघडून दाखवतात कशी, हे बघण्यासारखं आहे. दहा पेट्यांच्या माणसाला त्यातलं बरंच उचलता येईल.

काडी पेटवणारं गिऱ्हाईक आलं तर रागावू नका. त्याला सांगा, काडी राहू दे, यंदा आमच्याकडे काय फुललं ते विचारा.